संकर शेळ्यांची वीण: बोकड निवडीपासून करडांचं दूध तोडेपर्यंत

वाडावही

संकर शेळ्यांच्या कळपात एक अडचण अशी असते, जी एकाच जातीच्या कळपाला सहसा येत नाही. आईचं माप आणि करडाचं माप यांचा मेळ दर वेताला नव्याने बघावा लागतो. लहान अंगाच्या शेळीवर बोअर जातीसारखा रुंद छातीचा, जड हाडाचा बोकड सोडला की करडाचं डोकं आणि खांदे बापावर जातात, बाहेर यायची वाट मात्र आईचीच असते. म्हणून हा धागा वीण सुरू होते तिथून न काढता पाच महिने मागून, बोकडापासून काढतोय.

पहिलारू पाठीला (पहिल्यांदाच गाभण होणाऱ्या तरुण शेळीला) कळपातला सगळ्यात मोठा बोकड दाखवू नये. तिला तिच्या मापाचा किंवा थोडा लहान बोकड द्यावा. जड बोकड दुसऱ्या-तिसऱ्या वेतापासून. पाठ फळवताना (गाभण करवताना) नुसतं वय बघून चालत नाही, वजन बघायचं. जाणत्या शेळीच्या वजनाच्या ६५ ते ७० टक्के भरली की ती तयार. आता संकर पाठीचं जाणतं वजन धरायचं किती? तिची आई आणि त्याच बापाच्या मोठ्या बहिणी तोला आणि सरासरी काढा. सरासरी ४० किलो आली तर पाठ किमान २६ ते २८ किलोची हवी. दहा महिन्यांची पण २० किलोचीच पाठ फळली, तर तिची स्वतःची वाढ खुंटते, दूध कमी उतरतं आणि विताना अडण्याचा धोका वाढतो.

दुसरं, संकराचा जोम, म्हणजे दोन जाती मिसळल्याने येणारी जास्तीची वाढ आणि ताकद. दोन वेगळ्या जातींच्या पहिल्या पिढीत तो पुरा दिसतो. त्या पिढीचा नर त्याच पिढीच्या माद्यांवर वापरला की पुढच्या पिढीत जोम निम्म्यावर येतो, शिवाय करडं एकसारखी निघत नाहीत: एक आईसारखं, एक बापासारखं, तिसरं भलतंच. म्हणून गोठ्यात जन्मलेलं देखणं संकर बोकडच पैदाशीला ठेवण्यापेक्षा शुद्ध जातीचा, नोंदी माहीत असलेला बोकड घ्यावा असं माझं ठाम मत आहे. पुढचं तुम्ही सगळे भर घाला.

चारदाती

बोकडाबद्दल तीन गोष्टी राहिल्या.

शिंगं नसलेल्या शेळीला शिंगं नसलेला बोकड दाखवू नका. शेळ्यांत बिनशिंगीपणाच्या जनुकाला द्विलिंगी दोष चिकटलेला असतो. दोन्हीकडून तो वारसा आलेलं मादी करडू वरून पाठीसारखं दिसतं, पण वांझ निघतं. काहींची निरण (मादीचं जननेंद्रिय) विचित्र असते, काही पुढे नरासारखं वागतात. दोघांपैकी एक जन्मतः शिंगाचा असला की हा प्रश्न येत नाही. ज्यांची शिंगं लहानपणी डागून काढलीत ती ‘शिंगाची’च धरायची. संकर कळपात हे विसरलं जातं, कारण कुणाचं डोकं मुळात कसं होतं ते कुणी लिहून ठेवलेलं नसतं.

बाप-लेक जुळू देऊ नका. बोकडाच्या पाठी वयात आल्या की तो बोकड बदलायचा किंवा त्यांच्यापासून वेगळा ठेवायचा. साधारण दोन वर्षांनी ही वेळ येते.

आणि नर करडं तीन महिन्यांची झाली की वेगळी. इतक्या लहान वयाचा नर माजावरच्या शेळीला गाभण करू शकतो हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. कळपात बाप कोण ते माहीत नसलेली गाभण शेळी दिसली तर आधी तिथे शोधा.

जाणत्या बोकडाला हंगामात २५ ते ३० शेळ्या पुरे. वर्षाच्या आतल्या बोकडाला दहाच्या वर देऊ नका.

शेवरी

माजाबद्दल लिहिते. माज साधारण २१ दिवसांनी फिरून येतो आणि एक ते दोन दिवस टिकतो. शेपटी सारखी फडफडते, शेळी कारण नसताना ओरडते, दुसरीवर चढते किंवा चढू देते, निरण सुजून लालसर होते, आधी पातळ आणि मग पांढरट चिकट स्राव येतो. बोकड हाताने दाखवणार असाल तर माज दिसल्यापासून १२ तासांनी एकदा आणि पुन्हा १२ तासांनी एकदा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी.

बोकड कळपातच मोकळा असेल तर त्याच्या छातीला तेलात किंवा ग्रीसमध्ये कालवलेला रंग लावा. चढला की शेळीच्या पुठ्ठ्यावर खूण उमटते, तीच तुमची तारीख. २१ दिवसांनी रंग बदला. जुन्या खुणेवर नवा रंग दिसला म्हणजे शेळी उलटली, गाभण न राहता पुन्हा माजावर आली. बऱ्याच शेळ्या उलटायला लागल्या तर शेळ्यांना औषधं देण्याआधी बोकड तपासा: दोन्ही अंडकोष एकसारख्या मापाचे आणि घट्ट आहेत का, पाय दुखतोय का, मागच्या दोन महिन्यांत ताप आला होता का. तापानंतर वीर्य काही आठवडे कमकुवत राहतं.

एक उपयोगी गोष्ट: बोकड महिनाभर पूर्ण नजरेआड आणि वासाआड ठेवून एकदम कळपात आणला तर बऱ्याच शेळ्या सात ते दहा दिवसांत माजावर येतात. वीण एका पंधरवड्यात गोळा करायची असेल तर याचा फायदा होतो. रात्र जागायचीच तर ती एकाच पंधरवड्यात जागलेली बरी.

बोकड सोडण्याआधी दोन-तीन आठवडे रोज २०० ते ३०० ग्रॅम दाणे जास्त दिले की जुळ्यांचं प्रमाण वाढतं. हे रोड शेळीला लागू पडतं. आधीच भरलेल्या शेळीला नुसती चरबी चढते.

वाडावही

शेवरीताईंच्या तारखेला जोडून हिशोब सांगतो. गाभणकाळ १५० दिवसांचा, पाच दिवस पुढे-मागे. बोकड दाखवल्याच्या तारखेत पाच महिने मिळवा आणि तीन दिवस वजा करा, साधारण जुळतं. १ सप्टेंबरला फळलेली शेळी २९ जानेवारीच्या आसपास विते. जुळी-तिळी असतील तर दोन-तीन दिवस आधी.

बोरबाभूळ

माझा प्रश्न खुराकाचा. लहान शेळ्या, मोठा बोकड असं झालंच असेल, तर शेवटच्या महिन्यात खुराक तोडला की करडू लहान राहतं आणि शेळी सहज विते, असं पुष्कळ ठिकाणी सांगतात. हे करावं का?

निरगुडी

बोरबाभूळदादा, हे अजिबात करू नका. वीण बिघडण्याचं मोठं कारण हेच आहे.

करडाची बहुतेक वाढ, जवळजवळ ७० टक्के, शेवटच्या सहा आठवड्यांत होते. हाडाचा सांगाडा आणि डोक्याचं माप बापाकडून आलेलं असतं. उपासमारीने ते फारसं लहान होत नाही. करडाच्या अंगावरची चरबी तेवढी जाते, आणि जन्मल्यावर पहिले काही तास त्याला ऊब देते ती हीच चरबी. म्हणजे अडायचं ते अडतंच, वर जन्मलेलं करडू थंड पडून मरतं. शेळीच्या कासेत चीक कमी येतो आणि कळा द्यायला तिच्या अंगात जोर राहत नाही.

त्याहून वाईट म्हणजे गाभणपणातली विषबाधा. पोटात दोन-तीन करडं, त्यांनी दाबलेलं ओटीपोट, त्यामुळे चारा मावत नाही. शेळी अंगातली चरबी वेगाने जाळायला लागते आणि त्यातून तयार होणारे कीटोन रक्तात साचतात. आधी दाणे सोडते, मग चारा. कळपाच्या मागे रेंगाळते, पाय सुजतात, दात खाते, तोंडाला गोडसर, पिकल्या फळासारखा वास येतो. पुढे नजर जाते आणि बसते ती उठत नाही. खाणं कमी झालं त्या दिवशी धरलं तर तोंडाने प्रोपिलीन ग्लायकॉल (अंगाला लगेच शक्ती देणारं द्रव औषध) ६० मिली दिवसातून दोनदा, सोबत पशुवैद्याच्या सल्ल्याने कॅल्शियम, यावर बऱ्याच वाचतात. बसल्यावर फार थोड्या. तेव्हा करडं काढून घेणं हाच उपाय उरतो.

हा आजार दोन प्रकारच्या शेळ्यांना होतो, उपाशी आणि अती लठ्ठ. म्हणून अंगठा कमरेच्या मणक्यांवर ठेवून बघायचं. मणक्यांची टोकं दाबल्यावर लागली पाहिजेत, पण टोचता कामा नयेत. एक ते पाचच्या मापात ही तीनची स्थिती झाली. फळवताना तीन, विताना तीन ते साडेतीन. लठ्ठ शेळी बारीक करायची असेल तर ती गाभणपणाच्या आधी, शेवटच्या दोन महिन्यांत कधीही नाही.

खुराक असा: शेवटच्या सहा आठवड्यांच्या सुरुवातीला रोज १०० ग्रॅम, दर आठवड्याला ५० ग्रॅम वाढवत ३०० ते ४०० पर्यंत. दोन वेळात विभागून. चांगल्या प्रतीचा चारा थोडा-थोडा, दिवसातून तीन-चारदा. फक्त जाडाभरडा कोरडा चारा दिला तर पोट भरतं आणि शक्ती मिळत नाही. विण्याच्या ६० दिवस आधी दूध आटवा.

विण्याच्या तीन-चार आठवडे आधी आंत्रविषार (आतड्यात जिवाणूंचं विष पसरण्याचा आजार) आणि धनुर्वाताची लस. ती आईसाठी आहेच, पण तिची प्रतिकारद्रव्यं चिकातून करडाला मिळावीत हा मुख्य हेतू. फार आधी दिली किंवा आठवड्यावर आणून दिली तर चिकात पुरेशी उतरत नाहीत. जंतांचा भार विण्याच्या आगे-मागे वाढतो, म्हणून डोळ्याची खालची पापणी उलटून रंग पहा. गुलाबी ठीक, फिकट पांढरी म्हणजे रक्त पिणारे जंत. अल्बेंडाझोल हे जंताचं औषध गाभणपणाच्या पहिल्या दीड महिन्यात देऊ नका, करडात व्यंग येऊ शकतं. आणि मेंढ्यांचं खनिज मिश्रण शेळ्यांना चालवू नका. त्यात तांबं मुद्दाम टाळलेलं असतं, शेळीला ते लागतं.

बोरबाभूळ

ताई, समजलं. खुराक तोडणार नाही. आता विण्याची जागा आणि सामान सांगा कुणीतरी.

चारदाती

पाच फूट बाय पाच फुटांचा खण, वारा अडवलेला, पण वरून हवा खेळती. खाली जाड कोरडा पेंढा. पाण्याची खोल बादली आत ठेवू नका. शेळी नेमकी बादलीकडे पाठ करून विली तर करडू सरळ पाण्यात पडतं. बादली गजाबाहेर अडकवा किंवा उथळ भांडं ठेवा. खण कळपाला लागून असावा. एकटी कोंडलेली शेळी घाबरून कळा धरून ठेवते.

सामान: खांद्यापर्यंतचे हातमोजे, भरपूर वंगण (साबणाच्या पाण्याने कोरडं पडतं, जेल घ्या), ७ टक्क्यांचं टिंक्चर आयोडीन आणि ते ओतायला लहान तोंडाची बाटली, थर्मामीटर, सुती फडकी, कात्री, ६० मिलीची सिरिंज आणि करडाच्या पोटात चीक सोडायची मऊ नळी, तोलकाटा, विजेरी. नखं आधीच कापून ठेवा.

घरात कुणी गरोदर असेल तर त्यांनी विणाऱ्या शेळीला, वारेला (करडामागून पडणाऱ्या नाळेच्या पिशवीला) किंवा मेलेल्या करडाला हात लावू नये. शेळीचा गर्भ पाडणारे काही रोग माणसालाही लागतात. हे सांगायला संकोच करू नका.

शेवरी

शेळी विणार कधी, हे ओळखायची सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे शेपटीचं मूळ. अंगठा एका बाजूला, पहिलं बोट दुसऱ्या बाजूला ठेवून हलकेच दाबा. एरवी दोन्ही बाजूंना पेन्सिलीएवढे ताठ दोर लागतात. शेवटच्या दोन-तीन दिवसांत ते मऊ होतात, आणि जेव्हा बोटांना दोर लागतच नाहीत, शेपटीच्या मुळाभोवती बोटं जवळजवळ एकमेकांना भेटतात, तेव्हा साधारण २४ तासांत वीण. महिनाभर आधीपासून रोज हात लावत गेलात तरच हा फरक कळतो. पहिल्यांदा त्याच दिवशी हात लावणाऱ्याला काही कळत नाही.

बाकीच्या खुणा कमी-जास्त असतात. कास चकचकीत ताणते, काहींची आठवडाभर आधी, पहिलारूची कधीकधी विल्यावरच. बरगडीमागे खळगे पडतात. पायाने पेंढा उकरते, उठते-बसते, स्वतःच्या कुशीकडे वळून पाहते. घट्ट दोरीसारखा पिवळसर स्राव लोंबला की वेळ आली.

वाडावही

शेळी अडली तर आत हात कधी घालायचा यावर नीट लिहा निरगुडीताई. लवकर घालूनही नुकसान होतं, उशिरानेही.

निरगुडी

घड्याळ लावा. अस्वस्थतेचा पहिला टप्पा ६ ते १२ तास चालतो, पहिलारूचा जास्त. त्यात हात घालायचा नाही. जोरदार कळा सुरू झाल्यावर, म्हणजे शेळी आडवी होऊन पाय ताणून कण्हायला लागल्यावर, अर्ध्या तासात काहीच पुढे सरकलं नाही तर तपासायचं. पाण्याची पिशवी दिसून अर्धा तास झाला आणि मागे काही नाही, तरीही तपासायचं. एक करडू आल्यावर पुढचं बहुधा १० ते ३० मिनिटांत येतं.

शेळीची मागची बाजू कोमट पाण्याने धुवा, मोजा घाला, वंगण मनगटाच्या वरपर्यंत. बोटं चोचीसारखी जुळवून, कळ ओसरल्यावर आत. कळ आली की हात तिथेच थांबवा.

बरोबर असेल तर दोन पाय आणि त्यांवर टेकलेलं नाक लागतं. पाय लागला की आधी ठरवा, पुढचा की मागचा. खुरापासून वर जात दोन सांधे वाकवून पहा. दोन्ही एकाच दिशेने वाकले तर पुढचा पाय. दोघे उलट दिशांना वाकले आणि वरच्या सांध्याला मागे टोक लागलं तर मागचा. मग तो पाय खांद्यापर्यंत चाचपत न्या आणि दुसरा पाय त्याच छातीला जोडलेला आहे याची खात्री करा. जुळ्यांत एकाचा एक आणि दुसऱ्याचा एक असे दोन पाय धरून ओढणं ही सर्वांत घातक चूक.

डोकं मागे वळलेलं असेल तर पाय ओढत राहिल्याने ते अजून मागे जातं. कळ ओसरल्यावर करडाची छाती आत ढकला, जागा झाली की जबडा तळहातात घ्या, दात तळव्याने झाका म्हणजे आईचा गर्भाशय फाटत नाही, आणि नाक वाटेकडे फिरवा. एक पाय मागे राहिला असेल तर लहान करडू कधीकधी तसंच येतं, बोअर रक्ताचं रुंद खांद्याचं येत नाही. पाय आणावाच लागतो. खूर मुठीत झाकूनच पुढे आणा. नुसती शेपटी लागली तर मागचे दोन्ही पाय मुडपलेले आहेत. एकेक करून आणायचे. मागच्या पायांनी येणारं करडू फिरवायची गरज नाही, तसंच काढा, पण कंबर बाहेर आली की थांबू नका. नाळ दाबली जाते आणि डोकं आत असतानाच ते श्वास घ्यायला बघतं.

ओढायचं ते फक्त कळेबरोबर, आणि सरळ मागे ओढू नका, खाली, आईच्या कासेच्या दिशेने. दोन पाय थोडे मागे-पुढे ओढा म्हणजे खांदे तिरके होऊन निघतात.

कधी बोटांना घट्ट कडं लागतं, दोन बोटांच्या वर जात नाही. म्हणजे गर्भाशयाचं तोंड उघडलेलंच नाही. इथे जोर करू नका, फाटतं. पशुवैद्याला बोलवा. तसंच २० मिनिटं प्रयत्न करून काही बदललं नाही तरीही. सांगायला वाईट वाटतं, पण लहान शेळी आणि फार मोठं करडू असेल तर शस्त्रक्रिया हाच मार्ग असतो. ओढाताण करून आई आणि करडू दोन्ही जातात.

बोरबाभूळ

करडू बाहेर आल्यावर श्वास घेत नसेल तर मागच्या पायांना धरून गरगर फिरवतात. बरोबर आहे का?

चारदाती

आता ते करू नये असं सांगतात. जे पाणी बाहेर पडतं त्यातलं बरंचसं पोटातलं असतं, आणि निसटलं तर करडू भिंतीवर. त्यापेक्षा नाका-तोंडातला चिकटा बोटाने पुसा, डोकं खाली राहील असं मांडीवर घ्या, कोरड्या फडक्याने बरगड्या जोरात घासा, पेंढ्याची काडी नाकपुडीत हळूच फिरवा. शिंक आली की काम झालं. मग थेट आईच्या तोंडासमोर ठेवा. चाटणं हे अर्धं औषध आहे.

नाळ चार बोटांपेक्षा लांब असेल तर तेवढीच ठेवून कापा आणि आयोडीनच्या बाटलीत पूर्ण बुडवा, बाटली पोटाला टेकवून. वरवर फवारलेलं पुरत नाही. १२ तासांनी पुन्हा. ही दोन मिनिटं वाचवली की पंधरा दिवसांनी सांधे सुजलेली लंगडी करडं बघावी लागतात, आणि ती नीट बरी होत नाहीत.

दोन्ही सडांतून दोन-तीन धारा काढून टाका. सडाच्या तोंडाशी मेणासारखा खडा असतो, अशक्त करडाला तो निघत नाही. ते चोखत राहतं, आपण म्हणतो पितंय, आणि पोट रिकामं.

शेवरी

चिकाचा हिशोब: पहिल्या दोन तासांत वजनाच्या प्रत्येक किलोमागे ५० मिली. तीन किलोच्या करडाला १५० मिली. पहिल्या २४ तासांत वजनाच्या किमान १० टक्के, थंडीत जास्त. आतड्याची दारं तासागणिक बंद होत जातात. २४ तासांनंतर चीक पाजला तर तो अन्न म्हणून चालतो, संरक्षण म्हणून नाही. एकटं करडू असलेल्या जाणत्या शेळीचा जादा चीक गोठवून ठेवा. वितळवताना ५० अंशांच्या पाण्यात बाटली ठेवा. उकळत्या पाण्यात ठेवली तर चीक दह्यासारखा फुटतो आणि त्यातली प्रतिकारद्रव्यं जातात.

निरगुडी

थंड पडलेल्या करडाबद्दल जोडते. बोट तोंडात घाला. तोंड गार लागलं आणि चोखण्याचा जोर नसेल तर थर्मामीटर लावा. ३९ ते ४० अंश सेल्सिअस ठीक. ३७ ते ३९ च्या मध्ये असेल तर कोरडं करा, चीक पाजा, ऊब द्या. ३७ च्या खाली असेल तर तोंडाने काही घालू नका, पोट चालतच नसतं, चीक फुप्फुसात जातो. आधी ऊब, मग नळीने चीक. आणि ते पाच तासांहून मोठं असेल तर ऊब देण्याआधी पशुवैद्याकडून पोटात ग्लुकोज द्यावं लागतं. अंगातली साखर संपलेली असते. नुसतं तापवलं तर झटके येऊन मरतं.

नळीचं माप नाकाच्या टोकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत, तिथे खूण करा. करडाला बसतं धरा, जिभेवरून हळू सरकवा, ते गिळतं. खूण ओठाशी आली पाहिजे. आधीच अडली आणि करडू खोकलं तर श्वासनळीत आहे, बाहेर काढा. चीक आपल्या वजनाने उतरू द्या, दाबू नका.

बोरबाभूळ

तिळं झालं आणि आई एकाला ढुशी मारत असेल तर?

शेवरी

आधी कास बघा. सुजलेली, गरम, दुखरी कास असेल तर ती करडाला झटकत नाही, दुखण्याला झटकते. करडाचे खालचे दात टोकदार असले तरी तेच. कानशीने हलके घासायचे. कास चांगली असेल तर आईला दावणीला बांधून दिवसातून चार-पाच वेळा पाजा, तिन्ही करडांना तिच्याच वारेचं पाणी चोळा. दोन-तीन दिवसांत घेतली नाही तर बाटली.

बाटलीला दिवसाचं दूध वजनाच्या १५ ते २० टक्के, चार वेळा विभागून, ३९ अंशांच्या आसपास. मान आईखाली असते तेवढीच वर. फार वर धरली तर दूध चुकीच्या वाटेने जातं. बाटलीवर घ्यायचं करडू निवडताना सगळ्यात अशक्त नेहमी घेऊ नका. मधलं घेतलं तर अशक्ताला आईचं दूध मिळतं आणि मधलं बाटली पटकन शिकतं.

निरगुडी

आईकडे दुर्लक्ष होतं इथे. विल्यावर लगेच बादलीभर कोमट पाणी. वार १२ तासांत पडली पाहिजे. लोंबत असेल तर ओढू नका, दगड-वीट बांधू नका. आतून तुटलं की रक्तस्राव किंवा कुजणं. १२ तास उलटले किंवा ताप ४० च्या वर गेला तर पशुवैद्य. स्राव लालसर तपकिरी, दोन-तीन आठवडे चालतो, ते ठीक. दुर्गंधी आली तर ठीक नाही.

दाणे एकदम वाढवू नका. दूध वाढावं म्हणून पहिल्या दिवशी किलोभर खुराक घातला की पोट आंबतं आणि शेळी खाणंच सोडते. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा.

चारदाती

करडं तीन आठवड्यांची झाली की कोक्सिडियाची (आतड्यातल्या सूक्ष्म परजीवींची) हगवण येते. गर्दी आणि ओल हे तिचं मूळ. पेंढा कोरडा ठेवा, गव्हाण इतकी उंच की करडांना तिच्यात बसता येणार नाही. शेपटीखाली घाण चिकटलेली, केस खरबरीत, वाढ थांबलेली दिसली की विष्ठा तपासून घ्या.

दोन आठवड्यांपासून करडांसाठी वेगळा कोपरा करा. १५ सेंटिमीटरच्या फटीतून करडू जातं, आई नाही. आत १६ ते १८ टक्के प्रथिनांचा खुराक चिमूटभरापासून, शिळा रोज काढून टाका. दूध अडीच-तीन महिन्यांनी तोडा, पण जन्मवजनाच्या किमान अडीचपट झाल्यावर आणि चारा-दाणे नीट खायला लागल्यावरच. बोअर संकर करडं वजनाने लवकर पुढे जातात म्हणून लवकर तोडली जातात. वजन दुधाचं असतं, पोट अजून चाऱ्याला तयार नसतं.

बोरबाभूळ

शेळी पुन्हा कधी फळवायची? आणि पाठी ठेवताना कोणत्या ठेवायच्या?

वाडावही

दूध तोडल्यावर, अंग तीनच्या मापाला आलं की. पाच महिने गाभण आणि तीन महिने मोकळी धरली तर दोन वर्षांत तीन वेतं बसतात, पण तिळं पाजलेल्या शेळीला महिना-दीड महिना जास्त द्या. तिच्या अंगावर बोटाने मणके टोचत असतील तर तारखेकडे बघू नका.

पाठी निवडायला वहीत सहा रकाने पुरतात: आई, बाप, विल्याची तारीख, किती करडं, प्रत्येकाचं पहिल्या २४ तासांतलं वजन, आणि वीण कशी झाली. शेवटच्या रकान्यात एक आकडा: १ म्हणजे मदतीशिवाय, २ म्हणजे थोडं ओढलं, ३ म्हणजे आत हात घालावा लागला, ४ म्हणजे पशुवैद्य. हा आकडा बापाच्या नावाने चाळला की कोणता बोकड पहिलारूंवर नको ते दिसतं. आईच्या नावाने चाळला की कुणाच्या पाठी ठेवायच्या ते. मात्र चाळताना चुकीची मांडणी आणि मोठं करडू यांत फरक करा. डोकं मागे वळलं हा बोकडाचा दोष नाही. पाच किलोचं एकटं करडू ३० किलोच्या शेळीत अडलं, तो आहे. म्हणून ३ किंवा ४ लिहिलं की शेजारी दोन शब्दांत कारणही लिहा, त्याच रात्री.